माणूस असल्याची खात्री

माय, ईमेल म्हणजे काय हे तुला सांगायचं राहूनच गेलं. तू गेलीस तेव्हा अंबाजोगाईत ते नुकतं कुठं आलं होतं, आणि तू दुखण्यात होतीस. पत्रच असतं ते, पण टाकल्याबरोबर पोचतं. तिकीट लागत नाही, म्हणून कुणीही कुणालाही लिहितं. माझ्याकडं रोज ढीग पडायचा. कुणी लॉटरी लागल्याचं कळवायचं, कुणी केस उगवायचं तेल विकायचं. कंटाळून दोन वर्षांपूर्वी मी कॉम्प्युटरवर एक सोय करून घेतली. ओळखीच्या पत्त्यावरून आलेलं पत्र सरळ आत येतं. अनोळखी पत्त्यावरून आलं की ते बाहेरच थांबतं आणि लिहिणाऱ्याला आपोआप निरोप जातो : ‘आपण खरोखर माणूस आहात याची खात्री पटवा. चित्रातली वाकडी अक्षरं ओळखून लिहा. तोवर आपलं पत्र वाचलं जाणार नाही.’ पहिल्याच आठवड्यात सगळी कटकट थांबली. मी कॉलेजात चारचौघांना कौतुकानं सांगितलंही.

तुझी नोकरीही तशी दारावरचीच होती. टेलिफोन एक्स्चेंजच्या त्या लांबोळक्या खोलीत तू आणि तुझ्यासोबतची ऑपरेटर, जिला मी मावशी म्हणायचे, एका बाकावर शेजारी बसायचात. समोर भोकांचा फळा, हातात दोऱ्या, कानाला यंत्र. शाळेतून आले की मी खिडकीशी उभी राहायचे. कुणाचा फोन आला आणि फळ्यावर दिवा लागला की तू आधी ‘बोला’ म्हणायचीस. नुसतं बोला. मावशी त्यावरून तुला चिडवायची, ‘नंबर इचारायच्या आदी बोला कावून म्हणतीस गं?’ तू हसायचीस आणि दोरी खोचायचीस. तुझा तो ‘बोला’ मला अजून ऐकू येतो, पण आवाज नीट धरता येत नाही. निसटतो.

मी दहावीत असतानाची ती दुपार आठवते का तुला? एक्स्चेंजच्या मागच्या क्वार्टरात मी एकटी गणितं सोडवत बसले होते. दार वाजलं. फटीतून पाहिलं तर खांद्यावर घोंगडी टाकलेला धनगर. मी कडी न काढताच विचारलं, ‘कोण तुम्ही? कुठले? कुणी पाठवलं?’ तो म्हणाला, ‘फोनवाल्या बाईचं घर हेच हाय का?’ मी पुन्हा तेच विचारलं, आणखी चढ्या आवाजात. तो म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्या, ताई,’ आणि गेला. तू जेवायला आलीस तेव्हा मी हे मोठ्या शहाणपणानं सांगितलं. तू ताटावर बसलेली होतीस. भाकरीचा मोडलेला तुकडा तसाच ठेवलास, हात धुतलास आणि पायात चपला सरकवल्यास. अर्ध्या तासानं तू त्याला एस. टी. स्टँडवरून घेऊन आलीस, स्वयंपाकघरात पाटावर बसवलंस, पाणी दिलंस, चहा टाकलास. मग त्यानं सांगितलं. बायको दवाखान्यात बाळंतपणाला अडलेली, रक्त लागणार, मेव्हणा सिरसाळ्याला, आणि तिथं फोन फक्त आडत दुकानात. तू त्याला एक्स्चेंजमध्ये नेऊन तो फोन लावून दिलास. मेव्हणा संध्याकाळच्या आत पोचला. बाई वाचली, पोरगीही वाचली. हे तू दुसऱ्या दिवशी दवाखान्यात स्वतः जाऊन पाहून आलीस.

मला तू त्या रात्री रागावली नाहीस. सकाळी माझी वेणी घालताना म्हणालीस, ‘अनोळखी माणसाला दार उगडू नको, ते बरुबर हाय. पर कडी लावूनबी बोलता येतं की. आदी काय झालंय ते इचारावं. कोण हाय ते त्यातूनच कळतं.’ आणि वेणी जरा जास्तच घट्ट ओढलीस.

तुझा आवाज असा निसटायला लागला म्हणून मागच्या दिवाळीत मला मावशीची आठवण झाली. ती आता बीडला मुलाकडं असते, ऐंशीच्या पुढं गेलीये. ऐकू येणं जवळजवळ बंद झालंय. जन्मभर लोकांचे फोन जोडणाऱ्या बाईला आता फोनवर बोलता येत नाही. म्हणून मी तिच्या मुलाच्या पत्त्यावर ईमेल केला : मावशीला वाचून दाखवा, आईचे एक्स्चेंजमधले दिवस तिला आठवत असतील तर मला लिहून कळवा. महिना गेला, दोन गेले. मी मनात म्हटलं, विसरली. मग थोडी रागावलेही.

उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याचं हरवलेलं पत्र शोधताना मी पहिल्यांदाच थांबवलेल्या पत्रांचा ढीग उघडला. त्यात मावशीची तीन पत्रं होती. नातीनं तिला स्वतःचा पत्ता काढून दिला होता आणि ती एका बोटानं मराठी टाइप करायला शिकली होती. पहिलं पत्र लांबलचक, तुझ्याबद्दलचं. दुसरं चार ओळींचं, पहिलं पोचलं का म्हणून. तिसरं असं : ‘बाई, मी माणूस आहे. तुझ्या मायच्या शेजारी अकरा वर्षं बसले. डोळ्यात मोतीबिंदू आहे, वाकडी अक्षरं दिसत नाहीत. नात परीक्षेला गेली आहे. तुला नको असेल तर पुन्हा लिहिणार नाही.’

म्हणजे मीच विचारलं होतं, आणि ती सांगायला आली तर मीच तिला बाहेर उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बीडला गेले. मावशी दिवाणावर बसलेली. मला पाहून आधी तोंड फिरवलं. मग म्हणाली, ‘बस. उन्हाची आलीस.’ मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायचे, ती मोठ्यानं बोलायची. तिनं पहिल्या पत्रातलं सगळं पुन्हा सांगितलं. ती रुजू झाली त्याच दिवशी तिनं चुकीची दोरी उपटली आणि एका मोठ्या साहेबाचा फोन मधेच तुटला. तपास झाला तेव्हा तू उठून म्हणालीस, माझ्या हातून झालं. मेमो तुझ्या नावावर निघाला. ‘माझं पुरतं नावबी ठावं नव्हतं तिला त्या येळी,’ मावशी म्हणाली. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मग मी वहीत लिहिलं, आईचा आवाज कसा होता? मावशीनं वही डोळ्यांजवळ नेऊन वाचली. ‘लई मोठा नव्हता. पर तिनं बोला म्हनलं की समोरच्याची घाई कमी व्हायची.’

घरी येऊन मी ती सोय काढून टाकली. आता रोज सकाळी चहाबरोबर तेलाच्या जाहिराती पुसत बसते. मावशीची दर आठवड्याला दोन-तीन पत्रं येतात, बरीचशी गुडघ्यांबद्दल.

एक गोष्ट मात्र तिला सांगितलेली नाही. निघताना तिनं विचारलं, ‘ते माणूस हायस का म्हणून इचारणारं कोण होतं गं?’ मी वहीत लिहिलं, ‘कॉम्प्युटर आपोआप विचारतो, मावशी. आपल्या हातात नसतं.’ तिला ते पटलं, तिचा चेहरा निवळला. खरं असं की कॉम्प्युटरनं दिलेला मजकूर साधा होता. कृपया, तसदीबद्दल क्षमा, असा. मला तो फार लांबट आणि मिळमिळीत वाटला. तो पुसून त्या जागी मी माझे शब्द घातले होते. तिला गेलेली प्रत्येक ओळ माझी होती, माय.