गच्चीवरून पाहिलेली मालिका

चि. भोंगा हिस,

काकाचे आशीर्वाद. भोंगा हे नाव पाकिटावर घातलेलं नाही, काळजी नसावी. तुझ्या ऑफिसात तुला मॅडम म्हणतात हे मला माहीत आहे. तुझा घसा कसा आहे? (का विचारतो आहे ते पुढे येईल.) आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे मी पुढच्या खोलीत खुशाल आहे आणि तुझी काकू स्वयंपाकघरात खुशाल आहे. रविवारपासून आमचा अबोला आहे. चहा मिळतो, पण त्याबरोबर "घ्या" मिळत नाही.

कारण सांगतो. आमच्या ज्येष्ठ मंडळाने 'आठवणीतला टीव्ही' अशी प्रश्नमंजुषा ठेवली होती. नवरा-बायकोची जोडी, समोर टेबलावर घंटी, आणि प्रश्न सगळे आपल्या त्या गिरणीवाल्या मालिकेवर. तुला आठवत असेलच: गिरणीचा मालक, दोन मुलगे, आंधळी आत्या आणि सगळ्यांना लुबाडणारा दिवाणजी. मी म्हटलं, हा तर घरचा अभ्यास. त्या मालिकेसाठी माझ्याइतका कोणी उभा राहिलेला नाही, आणि हे मी शब्दशः म्हणतो आहे.

तुला सगळं पाठ असलं तरी पुन्हा सांगतो, पत्र माझं आहे. आपल्या टीव्हीला लाकडी कपाट होतं, सरकतं दार होतं, वर आईने विणलेला रुमाल होता. फक्त चित्र नव्हतं. अँटेना कुठेही वळवा, पडद्यावर मुंग्या. एकदा मी गच्चीवर जाऊन त्याची दांडी डाव्या हाताने धरली आणि उजवा हात पाण्याच्या टाकीकडे लांब केला, तर खालून एकच ओरडा झाला, "आलं! हलू नकोस!" तो मी मालिका संपेपर्यंत हललो नाही. तुझ्या बाबांनी दांडी धरून पाहिली, तर आवाज गेला. भाडेकरूने धरली, तर भलत्याच कुठल्या देशाच्या बातम्या लागल्या. रेडिओ दुरुस्त करणारा म्हणाला, काही माणसांचं अंगच तसं असतं. माझ्या अंगाचं एवढं कौतुक त्याआधी कोणी केलं नव्हतं, पुढेही केलं नाही. खाली अर्धी गल्ली सतरंजीवर बसून मालिका पाहायची आणि तू खिडकीतून मान बाहेर काढून मला वर गोष्ट सांगायचीस. तुला भोंगा नाव पडलं ते तेव्हाच.

तर पहिला प्रश्न आला, दिवाणजीचा शेवट कसा झाला? मी तत्काळ घंटी दाबली. शेवट कसला, त्याला पश्चात्ताप झाला आणि त्याने कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली. प्रश्न विचारणाऱ्या बाई (टपाल खात्यातून निवृत्त, आवाजात अजून शिक्का मारल्यासारखा जोर) म्हणाल्या, "अहो, तो गिरणीच्या पट्ट्यात सापडून मेला." मी मनात म्हटलं, बाईंचं वय झालं. पुढचा प्रश्न आंधळ्या आत्याचा. मी सांगितलं, ऑपरेशन झालं, दृष्टी आली, त्याच हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली. तर म्हणे ती जिन्यावरून पडून गेली. थोरला मुलगा? मी म्हटलं, जहाजाचा कप्तान झाला. ते जहाज बुडालं होतं. (निदान जहाज बरोबर आलं म्हणून बाईंनी अर्धा गुण दिला.) लोक पोट धरून हसत होते, मी प्रत्येक उत्तरावर भांडत होतो, आणि तुझी काकू, जिने ती मालिका पहिल्या रांगेत बसून पाहिली, ती घंटीकडे बघत गप्प बसली होती. आमची जोडी शेवटून पहिली आली. चारचौघांत शोभा म्हणतात ती हीच.

घरी आल्यावर मी काकूला खडसावलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. मालिकेच्या सुरुवातीलाच गिरणीमालक वारला आणि तू तसं वर ओरडून सांगितलंस, आठवतं? मला ते फार लागलं. मालक माणूस चांगला होता. डोळे पुसायला मी हात सोडला आणि खाली नेमक्या मृत्युपत्राच्या वेळी मुंग्या आल्या. त्याच दिवशी तुझ्या आजीने हुकूम काढला की वर वाईट बातमी जाता कामा नये. सतरंजीवर अर्धी गल्ली होती; एक माणूस फुटला नाही. त्यानंतर माझ्यापुरतं त्या मालिकेत कोणी मेलं नाही. खालून हुंदके ऐकू आले की तू सांगायचीस, "काका, आनंदाने रडतायत!" मला वाटायचं, काय भली माणसं आहेत.

मी काकूला विचारलं, इतकी वर्षं एका ताटात जेवलो, मग तू तरी सांगायचंस. ती म्हणाली, "तुम्ही रात्री जेवताना ती गोष्ट रंगवून सांगायचात. त्यात सगळे जगायचे. मला तीच आवडायला लागली. मग घंटी दाबून त्यांना मारू कशी?" यावर भांडता येईना, म्हणून मी अबोला धरला.

खरं सांगायचं तर राग तुझाही नाही आणि तिचाही नाही. मला दिवाणजीचं वाईट वाटतंय. इतकी वर्षं तो शाळा चालवतोय असं मी धरून चाललो होतो. एका बैठकीत घरातली तीन माणसं जावीत, आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, हे या वयात जड जातं.

विम्याचे खोटे दावे पकडण्याच्या कामात तुला बढती मिळाल्याचं कळलं. अभिनंदन. हा अनुभव तुला कुठून मिळाला ते आता माझ्या लक्षात आलं. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका

ता. क. : उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये.

ता. क. दुसरा : घ्यावी. आत्ताच त्या टपालवाल्या बाई येऊन गेल्या. मंडळाचं म्हणणं पडलं की खरी मालिका सगळ्यांनी पाहिली आहे, आता तुमची सांगा. पुढच्या महिन्यासाठी हॉलही घेतला आहे. मी तोऱ्यात हो म्हणून बसलो, आणि त्या गेल्यावर आठवलं की शेवटचा भाग मला माहीतच नाही. त्या दिवशी तुझा घसा बसला होता. तू खिडकीत यायचीस, तोंड उघडायचीस आणि हात हलवून आत जायचीस. मी दांडी धरून उभा होतो. खालून सगळी गल्ली रडत होती, त्यावरून मी समजलो की सर्वांचं कल्याण झालं. नातीने खरा शेवटचा भाग फोनवर काढून दिला आहे. मी तो पाहिला नाही आणि पाहणार नाही. शेवट तू सांगायचा आहेस, आणि तूही तो आता पाहू नकोस.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवण्याच्या निमित्ताने काकूने पत्र वाचलं. म्हणाली, "धाकट्या सुनेला माहेराहून परत आणायला सांगा." (धाकटी सून माहेरी गेली होती हे मला आत्ता कळतंय.) म्हणजे आमचं बोलणं सुरू झालं. तेव्हा शेवट लिहून पाठवू नकोस, सवडीने ये आणि खिडकीतून सांग. दांडी गंजली आहे, पण आहे. मी वर उभा राहतो. घसा सांभाळ.