रोज एक माणूस

३ नोव्हेंबर, देऊळघाट
पोहोचलो. खोली झकास. दोन खिडक्या, एक टेबल आणि मला ओळखणारा एकही माणूस नाही. लेखकाला आणखी काय हवं! मलकापुरातल्या पेपरातलं माझं विनोदी सदर बंद झालं तेव्हा इतके लोक हळहळले, की तेवढ्यांनी ते वाचलं असतं तरी चाललं असतं. आता कादंबरी. ती गेली सहा वर्षं 'चालू' आहे, म्हणजे तिचं पहिलं प्रकरण चालू आहे. मुलगी डिंपल (नाव तिच्या आईनं ठेवलं, मी तेव्हा लेख लिहीत होतो) म्हणाली, पप्पा, विषय बदला नाहीतर गाव बदला. गाव बदलणं सोपं वाटलं.

५ नोव्हेंबर
सवय मोडायची नाही. सकाळच्या चहानंतर या रोजनिशीत रोज एक माणूस उतरवायचा, जसाच्या तसा. नवोदितांच्या शिबिरांत मी हेच सांगत आलोय: माणूस उचला. चोरी म्हणू नका, निरीक्षण म्हणा. नवोदित टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन चंद्रावर कविता करतात.
आज घरमालकीण जनकाबाई. भाकर थापताना तीन थापा सरळ पडतात, चौथीला हात हवेतच थबकतो, तेवढ्यात भाकर आपली आपण फिरते, आणि मग तो खाली येतो, झोपलेल्या लेकराच्या पाठीवर यावा तसा.
वाक्य जमलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

६ नोव्हेंबर
कादंबरीत भाकर थापणारी बाई आली आणि अडलेलं प्रकरण उठून चालायला लागलं. एका बैठकीत संपवलं.
जेवायला मात्र पोळ्या. जनकाबाई म्हणाल्या, काय सांगू सर, पीठ तेच हाय, परात तीच हाय, पण आज माह्या हाताले भाकर येऊनच नाही राह्यली, उचलली का फाटते. मी म्हटलं, होतं असं. मला पोळी चालते.

१० नोव्हेंबर
जनकाबाईंचे मालक गुलाबराव, एसटीचे निवृत्त कंडक्टर. सगळी नोकरी मेहकरच्या गाडीत उभ्यानं झाली, त्यामुळे अंगणातही पाय फाकवून उभे राहतात. बोलता बोलता मधेच डाव्या पायावर भार घेतात, जणू गाडीला वळण आलंय, आणि वळण सरलं की सरळ होतात. हात कशालाच लावत नाहीत. म्हणतात, लोक सीटवर बसून पडत, मी उभ्यानं कधी पडलो नाही. माझ्या हातातलं पेन बघून म्हणाले, काय लिहून राह्यले साहेब, आमचं लिहिसान तर नीट लिहा.
नीट लिहिलं. फारच नीट.

११ नोव्हेंबर
गुलाबराव पडले. सपाट अंगणात, उभ्या उभ्या. खुबा मोडला. बुलढाण्याला नेताना मला म्हणत होते, साहेब, जमीनच चालून राह्यली, अन् मले वळण काऊन समजत नसंल?
कादंबरीत कंडक्टर आला. पानावर असा उभा आहे, की धक्का मारला तरी पडायचा नाही.

१३ नोव्हेंबर
जनकाबाई परातीपुढं बसून स्वतःचे हात बघत होत्या, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. खोलीत येऊन मागची पानं वाचली. मग प्रयोग केला.
गल्लीतला कुत्रा: भुंकण्याआधी एक पाऊल मागे घेतो, स्वतःच्याच आवाजाला वाट करून द्यावी तसा. शेजारची शेळी: फार गोड, निसर्गाचा जणू चमत्कार.
संध्याकाळ झाली. कुत्र्याचं तोंड उघडतं, मिटतं, आवाज नाही. शेळी मजेत ओरडतेय.
म्हणजे वाईट वाक्यानं कुणाचं काही जात नाही. माझी सहा वर्षं अगदी निरुपद्रवी गेली. समीक्षकांचंही तेच मत होतं.

१६ नोव्हेंबर
थांबायला हवं, हे कुणालाही कळेल. पण पाचवं प्रकरण झालं, आणि चांगलं झालं. बुलढाण्याला गुलाबरावांना बघायला गेलो नाही. त्यांच्याकडं बघितलं की आणखी काहीतरी दिसेल.
नियम: इथं फक्त वाईट लिहायचं. जनकाबाई प्रेमळ आहेत. आकाश निळं आहे. शिबिरातल्या कुणालाही हे जमतं, मग मलाच का —

२० नोव्हेंबर
डिंपलचा फोन. रविवारी येतेय. नको म्हटलं. पाणी नाही, मच्छर आहेत, खोली लहान. ती म्हणाली, पप्पा, कादंबरीत बाई सापडली की गावात?
माझं सदर शेवटपर्यंत वाचणारी ती एकटीच. हे म्हणताना ती — नाही. डिंपल चांगली मुलगी आहे. चांगली मुलगी आहे.

२२ नोव्हेंबर
पेन विहिरीत टाकलं. दुपारी हाताला चुलीतला कोळसा सापडला. तीस वर्षांची सवय. तिला आता मी लागत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
आली. जेवलो. उजवा हात मांडीखाली दाबून बसलो. दुपारी डुलकी लागली. जागा झालो तर इथं हे:
फाटकातून हाक मारताना ती 'पप्पा'तला 'प्पा' वर नेते, बाप घरात आहे ना, असं विचारावं तसा, आणि 'ओ' येईपर्यंत चप्पल काढत नाही.
सुंदर आहे. अरे देवा, सुंदर आहे.
खोडलं. खोडूनही वाचता येतं.

२४ नोव्हेंबर
सकाळी दूध घेऊन फाटकातून आली. हाक नाही. चप्पल काढली. मला म्हणाली, सर, चहा घेता ना?
जनकाबाई हसल्या, काय वं पोरी, बाप हाय तो तुहा! तीही हसली. का हसायचं ते तिला कळलं नाही, पण हसली.
हसणं अजून आहे. हसणं आहे, आणि हात कोळसा — हसण्याआधी तिचे खांदे — नाही — नाही —

२४, दुपार
चांगल्या वाक्यानंच जातं. तर मग एकच वाक्य. आजवरचं सगळ्यात चांगलं. वाईट झालं तर हात राहील, आणि ती —
डाव्या हातानं लिहिता येत नाही. बरं आहे.
उजवा हात. मधल्या बोटावर पेनाचा घट्टा, शाळेपासूनचा. लिहिण्याआधी अंगठा त्यावरून एकदा फिरतो, अंधारात दाराची कडी चाचपावी तसा, मग मनगट जरासं आत वळतं आणि बोटं कागदावर