व्याह्यांचे पत्ते

अण्णा, आज हजीऱ्याला लेकीच्या घरी मी व्याह्यांचे पत्ते पाहिले. समोर बसून, चार बटणं मोजून, राजरोस पाहिले. तुम्ही असता तर कपाळाला हात लावला असता, म्हणून आधी तुम्हालाच लिहायला बसले.

हा डाव तुमच्या ओळखीचा नाही. जावयाने मोबाइलवर शिकून घरात आणला. आपल्या तीन पत्तीचा लांबचा भाऊ समजा. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच उघडे, त्यातून ज्याचा मेळ सरस जमला तो जिंकला. किती लावायचं तेही बांधलेलं, सुरुवातीला दोन आणि पुढे चार. समोरच्याने लावलं तेवढं आपणही लावायचं आणि शेवटी त्याचे पत्ते पाहायचे, नाहीतर आपले पालथे टाकून सुटायचं. ढीग ढकलून कुणाला घाबरवायची सोय नाही. पैशांचं नाव नाही, माझ्या शिवणाच्या डब्यातली शर्टाची बटणं चालतात. मधल्या शेवटच्या पत्त्याला रिव्हर म्हणतात. म्हणजे नदी, असं जावयाने सांगितलं तेव्हा व्याही म्हणाले, आपण गावातल्या स्वर्णरेखेच्या नाल्यालाही नदीच म्हणतो, मग याला म्हणायला काय हरकत आहे. मी हा डाव शिवणयंत्रासारखा शिकले, आधी बघून आणि मग चुकून चुकून. वही केली आहे. चार वर्षं झाली, दर रविवारी सकाळी दौलतगंजहून ई-रिक्शाने जाते. थंडीत गच्चीवर ऊन खात बसतो आम्ही चौघं, मध्ये तीळगुळाच्या गजकाचा डबा. व्याही शाळेत ड्रिल मास्तर होते. आता निवृत्त आहेत, लेकीच्या सासूबाई गेल्यापासून एकटे, पण आवाज अजून मैदानावरचाच. आणि या चार वर्षांत त्यांनी शेवटच्या पत्त्यावर चार बटणं ठेवली की मी माझे पत्ते पालथे टाकत आले. लेकीने लावलं, जावयाने लावलं तर खुशाल बघते. व्याह्यांनी लावलं की म्हणते, "तुमचंच."

हा शब्द तुमचाच आहे, अण्णा. माझ्या लग्नानंतरचा दिवाळीचा पहिला पाडवा. दाना ओळीतल्या आपल्या घरी माझे सासरे आलेले, जेवणं झालेली, आणि वर्षातून एक दिवस पत्त्यांना सूट म्हणून तुम्ही दोघं सतरंजीवर. मी चिवड्याची ताटली घेऊन तुमच्या मागे उभी आहे आणि मला तुमच्या हातात तीन राण्या दिसतात. सासरे चिंचोके पुढे सरकवतात. तुम्ही हसता, "तुमचंच" म्हणता आणि तीन राण्या पालथ्या पडतात. मी स्वयंपाकघरात तुम्हाला गाठलं, तुम्ही मोरीवर हात धूत होता. असं का केलंत, विचारलं. तुम्ही आधी दुसऱ्याच्या पत्त्यांत डोकावल्याबद्दल रागावलात, मग पंच्याला हात पुसत म्हणालात, "मुलगी दिली आहे मी त्यांना. एक डाव देता येऊ नये?" पुढे सासरे तीस वर्षं सांगत राहिले की अण्णा माणूस देव, पण पत्त्यांतलं काही कळत नाही. मी भाकऱ्या थापत ऐकून घेतलं. आणि माझी मुलगी दिली तेव्हा तुमची चाल जशीच्या तशी उचलली.

आज सकाळी लेक मेथी निवडत होती. सासऱ्यांचं सांगायला लागली, "आई, बाबा कल बोल रहे थे, विहीणबाईंना मजबूर नका करू. त्यांना माझ्याशी खेळायचंच नसतं. पुढच्या रविवारपासून डाव बंद करू." आठवड्याचे सहा दिवस मी त्या एका सकाळच्या आशेवर शिवते, हे लेकीलाही कधी बोलले नव्हते. पत्ते पाहावे तर व्याह्यांचा अपमान होतो असं जन्मभर मानलेलं. न पाहावे तर रविवारच जातो.

आणि नेमका तसाच डाव आला. माझ्याकडे राजा आणि नव्वी. मध्ये नव्वी, सत्ती, दुर्री, मग चव्वी. म्हणजे माझी नव्व्यांची जोडी. जावई पत्ते टाकून सुटला, लेकही सुटली, उरलो आम्ही दोघं. शेवटचा पत्ता गुलाम. व्याह्यांनी चार काळी बटणं ठेवली आणि गजकाचा तुकडा मोडत दुसरीकडे बघायला लागले, मी टाकणारच या खात्रीने. मध्ये चौतीस बटणं. वहीतला हिशेब डोक्यात चालू झाला: असं नऊदा पाहिलं, आठदा हरले तरी बत्तीस जातील, एकदा जिंकले की चौतीस येतील. नवांत एकदा तरी हा माणूस थाप मारत असेलच. हिशेब सोपा होता हो, हातच उचलत नव्हता. लेक हळूच म्हणाली, "आई, सोच मत." मी चार बटणं ठेवली आणि म्हणाले, "दाखवा."

व्याह्यांच्या हातातला गजक तसाच राहिला. मग त्यांनी एकेक पत्ता ठेवला. दश्शी. अठ्ठी. सत्तीपासून गुलामापर्यंत पाचाची ओळ. माझी जोडी तिच्यापुढे काय. मी हरले, आणि ते माझ्याकडे असे बघत होते की मुलाच्या लग्नातसुद्धा इतके खूश दिसले नव्हते.

"चार वर्षं, विहीणबाई," ते म्हणाले. "चांगले पत्ते आले, लावलं, की तुम्ही पळालात. एकदाही कुणाला दाखवता आले नाहीत. मला वाटलं, तुम्ही मला खेळायच्या लायकीचाच समजत नाही."

मी म्हटलं, आमच्याकडे मुलीच्या सासऱ्याचे पत्ते पाहत नाहीत. ते म्हणाले, मग कुणाचे पाहता, शेजाऱ्यांचे? आणि खरंच कठड्यावरून शेजाऱ्यांना हाक मारून त्यांनी ती ओळ दाखवली. पुढच्याच डावात मी त्यांच्यावर वाढवलं आणि बारा बटणं ओढून घेतली, तेव्हा म्हणाले, पाहा म्हटलं होतं, लुटा नव्हतं म्हटलं. जावई हसून हसून गच्चीवर आडवा. डाव बंद करायचं नाव कुणी काढलं नाही. जेवायला दोन वाजले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, हा प्रश्नच नाही. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, कुणी वाचणार नाही. मान राखायचा म्हणून पत्ते टाकते, असं मी स्वतःलाही सांगत आले. पण पत्ते टाकले की आपल्या हातात काय होतं हे कुणाला दाखवावं लागत नाही, कुणी हसत नाही, कुणी म्हणत नाही की हिला कळतं काय. मला ते सोयीचं होतं, अण्णा. मानाचं नाव पुढे केलं की झालं. तुमचं तसं नसणार. तुमच्याकडे तीन राण्या होत्या, मी बहुतेक वेळा नुसती घाबरलेली होते.