दगा देसले यांची कन्या

११ जानेवारी २०२५

दिनेशभाई! माझ्या बापाचं नाव म्हणे दिनेशभाई!

होणाऱ्या सासऱ्यांनी, रघुनाथकाकांनी, मोबाइलवर लग्नपत्रिकेचा मसुदा पाठवला. "दिनेशभाई देसले यांची कन्या वर्षा." मी लगेच फोन लावला — काका, चुकून दुसऱ्याचं नाव पडलंय. तर म्हणाले, "चुकून नाही बेटा. आमच्या कापड मार्केटमधले सगळे गुजराती वेपारी येणार. पत्रिकेवर 'दगा' वाचतील अन् हसतील. म्हणतील, छोकरीवाळाए दगो दीधो, मुलीवाल्यांनीच दगा दिला!"

बाबा शेजारीच बसले होते. सगळं ऐकलं. "छापू दे," एवढंच म्हणाले अन् डबा घेऊन कापडाच्या लूमवर कामाला गेले.

मी नाही छापू देणार!

१२ जानेवारी

शाळेतही हेच व्हायचं. हजेरीत "वर्षाबेन दगाभाई" आलं की अख्खा वर्ग फिदीफिदी. तेव्हा मी मान खाली घालायचे.

आता नाही घालणार.

१४ जानेवारी

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. आमची सगळी कोसाड वस्ती गच्चीवर पतंग उडवतंय, अन् मी आईला खाली धरून बसवलं. सांग, बाबांचं नाव असं का?

"तुझ्या आजीची आधीची तीन मुलं पाळण्यातच गेली," आई म्हणाली. "चौथा झाला तेव्हा ती म्हणाली, ह्याला कोण नेतंय, हा तर नुसता दगड! दगडाचा झाला दगा. नाव वाईट ठेवलं की मरण नाक मुरडून पुढच्या घरी जातं."

म्हणजे दगा म्हणजे धोका नाहीच. दगा म्हणजे जगला तो!

आई पुढे म्हणाली, "अन् रघुनाथभाऊंचा बाप कोण? उखा! त्याला तर जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणलेलं. म्हणून उखा."

अस्सं!

१६ जानेवारी

योगराजचा, माझ्या होणाऱ्या नवऱ्याचा, फोन. "एका नावासाठी एवढं कशाला ताणतेस?" मी म्हटलं, मग तुझ्या बापाचं काढून टाक. त्याने फोनच ठेवला.

लग्न मोडलं तर मोडू दे. (योगराज मला आवडतो. हे फक्त इथेच लिहितेय.)

१९ जानेवारी

गेले! एकटीच, त्यांच्या उधन्याच्या घरी. आईला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं. दारावर पितळी पाटी — "रघुनाथ यू. बोरसे".

पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "काका, पाटीवरचा यू कोणाचा?"

"वडिलांचा."

"पूर्ण नाव सांगा ना."

काकांचा चेहरा पडला. योगराज मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. तेवढ्यात आतल्या खोलीतून त्याची आजी, सखुबाई, काठी टेकत बाहेर आली! "उखा! मन्हा घरवाला! बापनं नाव लेवाले लाज वाटस का रे तुले?"

मी म्हटलं, "काका, माझे बाबा तीस वर्षं लूमवर उभे आहेत. ह्याच नावाने. ते नाव पत्रिकेवर नको असेल, तर मीही नको."

चहा आला, तो तसाच निवला. मी काही उठले नाही. शेवटी योगराजच म्हणाला, "पप्पा, दोन्ही बाजूंची खरी नावं छापा. नाहीतर माझंही नाव काढा."

काकांनी मान हलवली. रागानेच — पण हलवली!

२ फेब्रुवारी

पत्रिका आल्या. "रघुनाथ उखा बोरसे यांचे चिरंजीव." "दगा सुकदेव देसले यांची कन्या." चांगलं ठळक अक्षरांत! बघा म्हणावं मार्केटवाल्यांना! हसा आता!

पहिली पत्रिका बाबांच्या हातात दिली. त्यांनी स्वतःच्या नावावरून अंगठा फिरवला. मग घडी करून ती खिशात ठेवली. किती आनंद झाला असेल त्यांना!

३ फेब्रुवारी

सकाळी चहा पिता पिता बाबा म्हणाले, "एक सांगू, बेटा? माले ते नाव कधीच आवडनं नही."

तीनशे पत्रिका छापून झाल्यात! मग आधी का नाही बोललात?

"मन्हासाठे पहिल्यांदाच कोनी भांडत व्हतं. तुले कसा थांबाडू?"