तीन खिडक्यांचा फॉर्म

दादा, आज आपण जिंकलो. संध्याकाळी पाचला दहा मिनिटं कमी असताना एका मुलीच्या मोबाईलवर मेसेज आला की तिचा स्कॉलरशिपचा अर्ज मंजूर झाला, आणि मी माझ्या टेबलाशी बसून एवढ्या मोठ्याने हसले की शेजारच्या परीक्षा विभागातली माणसं डोकावून गेली. मी आता कल्याणच्या एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. स्कॉलरशिपचं टेबल माझं. हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, नोकरी तुमच्यानंतर लागली. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. काका आणि आत्या तुम्हाला दादा म्हणायचे म्हणून मीही वडिलांना दादाच म्हणत राहिले, आणि अजूनही कुणाला तुमच्याबद्दल सांगायला लागले की आधी 'दादा म्हणजे माझे वडील' एवढं सांगावं लागतं. आज सांगितलं. पण ते नंतर.

आधी ते पाणी आठवतं. वालधुनी नदीचं पाणी आपल्या चाळीत शिरलं त्या वर्षी मी अकरावीत होते. आपण माळ्यावर बसून राहिलो आणि खाली पत्र्याची पेटी बुडाली. पाणी उतरल्यावर तुम्ही पेटी उघडली तर आतल्या सगळ्या कागदांचा एकच लगदा झालेला. त्यात तुमचा शाळा सोडल्याचा दाखलाही गेला. तुम्ही चौथी शिकलेले, तो दाखला तुम्हाला कधी लागला नव्हता. पण तो नाही तर माझा जातीचा दाखला नाही, आणि तो नाही तर स्कॉलरशिप नाही, हे तहसील कचेरीतल्या माणसाने तुम्हाला समजावून सांगितलं. मग तुमच्या गावाच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्यांदा हेडमास्तर रजेवर, दुसऱ्यांदा रजिस्टर सापडेना, तिसऱ्यांदा सापडलं तर शिक्का तालुक्याला गेलेला. चौथ्या फेरीला दाखला मिळाला आणि कल्याणला उतरल्यावर घरी यायच्या आधी तुम्ही तो स्टेशनसमोरच्या दुकानात लॅमिनेट करून घेतला.

तिथून तुम्हाला ते वेडच लागलं. माझी दहावीची मार्कशीट झाली, जातीचा दाखला झाला, आईचं मतदान ओळखपत्र झालं. रेशनकार्डही तुम्ही आख्खं प्लॅस्टिकमध्ये घालून आणलंत, आणि पुढच्या महिन्यात रेशनवाला ते उलटसुलट करून विचारत होता की आता मी नोंद कुठे करू. आई म्हणाली, "एक दिवस मला पण नेतील दुकानात, म्हणजे पावसात भिजायला नको." तुम्ही हसलात, पण थांबला नाहीत. माजिवड्याच्या औषधाच्या कंपनीत पॅकिंगला उभं राहून आयुष्य काढलेला माणूस, वस्तू नीट बंद केली म्हणजे ती वाचली यावर तुमचा भरवसा होता. मला त्या वेळी त्याची गंमत वाटायची आणि मैत्रिणींसमोर थोडी लाजही वाटायची.

बारावी झाली. कॉमर्सला प्रवेश मिळाला, तोही अटीवर. स्कॉलरशिपचा फॉर्म वेळेत गेला तर फी माफ, नाही तर पूर्ण फी भरा किंवा जागा सोडा. पूर्ण फी आपल्याकडे नव्हती, हे चाळीतल्या मांजरालाही माहीत होतं. आत्याने तोवर डोंबिवलीच्या एका साड्यांच्या दुकानात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता, एक तारखेपासून यायला सांगा म्हणून. आईला ते पटलेलं होतं. तुम्ही फक्त रोज विचारायचा, फॉर्म झाला का. फॉर्म एका विद्यार्थ्याला एकच मिळायचा, वर नंबर छापलेला. मी शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी तो चांगल्या अक्षरात भरला आणि वाळायला म्हणून शेल्फवर ठेवून शिकवणीला गेले. पालकाची सही, प्राचार्यांची सही आणि कॉलेजचा शिक्का, एवढंच बाकी होतं.

सकाळी तुम्ही तो माझ्या हातात दिलात. चकचकीत, कडक, चारी कडा सील केलेला. तुमच्या तोंडावर एवढा आनंद होता. तुम्ही म्हणालात, "आता पाणी येऊ दे नायतर काय पण येऊ दे."

त्यानंतर मी जे बोलले ते मी इथे लिहिणार आहे, कारण इतकी वर्षं ते मी कुठेच लिहिलं नाही. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या, आई चहा गाळत होती, आणि मी म्हणाले, "दोन बुकं जास्त शिकला असतात तर कळलं असतं कशाला हात लावायचा आणि कशाला नाही." आईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. काकू निघून गेल्या. तुम्ही फॉर्मकडे बघितलंत, मग खुंटीवरचा शर्ट घातलात, दाढीचं एक ब्लेड कागदात गुंडाळून खिशात ठेवलंत आणि म्हणालात, "चल." त्या दिवशीची हजेरी बुडाली ती तुम्ही कुणाला बोलून दाखवली नाही.

कॉलेजात खिडकीपलीकडे बसलेल्या क्लार्क बाई चष्मा कपाळावर चढवून फॉर्म बघत राहिल्या. प्लॅस्टिकवर ना सही टिकणार, ना शिक्का, आणि दुसरा फॉर्म त्यांच्याकडे नव्हता. "एक वाजता गठ्ठा ठाण्याच्या ऑफिसला जातो. त्यानंतर माझ्या हातात काही नाही," असं त्या म्हणाल्या. वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या; आता तसल्याच खुर्चीत बसल्यावर मला ते कळतं. घड्याळात अकरा वाजून गेले होते. मी तिथेच रडायला लागले, आणि तुम्ही मला सोडून गेटबाहेर निघालात तेव्हा मला वाटलं, कंटाळून चालले. तुम्ही समोरच्या इस्त्रीवाल्याकडे चालला होता.

कंपनीत चुकीचं लेबल लागलेला माल परत आला की सुपरवायझर तुम्हालाच हाक मारायचा, हे मी घरात शंभरदा ऐकलं होतं आणि कधी लक्ष दिलं नव्हतं. खोका न फाडता लेबल उचलणारा तुमच्या खात्यात दुसरा नव्हता. इस्त्रीवाल्याला तुम्ही तुमच्या त्या मोडक्या हिंदीत काय सांगितलंत कोण जाणे, पण त्याने एक पॅन्ट बाजूला करून जागा दिली. तुम्ही फॉर्मवर रुमाल पसरलात, कोळशाची इस्त्री क्षणभर टेकवलीत, लगेच उचललीत, बोटाने ऊब बघितलीत. मग ब्लेडने पालकाच्या सहीच्या चौकटीभोवती एक रेघ ओढलीत, एवढी हलकी की वरचं प्लॅस्टिक कापलं गेलं आणि कागदाला काही झालं नाही. मी शेजारी उभी राहून नाक पुसत होते. तुम्ही माझ्याकडे न बघता बोलत होता, कंपनीत नव्या माणसाला शिकवावं तसं. "कडेनं उचलायचं, मधून नाय. गरम हाय तवरच निघतं. आणि हाताला वाटलं की आता निघेल, तेव्हाच थांबायचं जरा." चौकोनी तुकडा सोलून वर आला. कागद थोडा खरखरीत झाला होता, फाटला नव्हता. इस्त्रीवाला हातातलं काम टाकून बघत होता. अशा तीन खिडक्या तुम्ही पाडल्या, आणि पहिल्या खिडकीत तिथेच उभ्या उभ्या सही केलीत, एकेक अक्षर सुटं काढून. शाई जराशी पसरली.

साडेबाराला आपण परत त्या खिडकीवर. बाईंनी फॉर्म उजेडात धरला, खिडक्यांवरून बोट फिरवलं आणि आत घेऊन गेल्या. बाहेर आल्या तेव्हा प्राचार्यांची सही दुसऱ्या खिडकीत होती आणि गोल शिक्का तिसऱ्या खिडकीत, अगदी मापात बसलेला. "असा फॉर्म मी आजवर बघितला नाही," त्या म्हणाल्या, "आणि ठाण्याला जाऊन तो परत आला तर मी स्वतः घेऊन जाईन." तो परत आला नाही. फॉर्मची झेरॉक्स त्यांनी आपल्याला काढून दिली. तिच्यात तीनही खिडक्यांच्या कडा बारीक काळ्या रेघांसारख्या उमटल्या आहेत. आत्या महिनाभर रुसून बसली. पहिलं वर्ष पास झाले तेव्हा तुम्ही विहारात पेढे वाटलेत आणि मार्कशीट घेऊन दुकानाकडे निघालात. या वेळी मी अडवलं नाही.

आता एक कबुली. या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं, आयत्या वेळी अडचण आली तर काय कराल. मी खिडक्यांची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, इस्त्री, रुमाल, ब्लेड, फक्त तुमच्या जागी मी उभी होते. वडील कुठे होते असं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मुलाखत घेणारे तिघंही हसले आणि नोकरी मला मिळाली. तेव्हापासून ही गोष्ट कॉलेजभर झाली आहे. नवीन मुलांना शिपाई सांगतो, मॅडमनी फॉर्म सोलून काढलेला बरं का. बारा वर्षं मी ते ऐकून घेतलं.

आणि आज ते अंगाशी आलं. खडवलीहून एक मुलगी आली, सोबत तिचे वडील. आमच्याकडे नर्सिंगला जागा मिळालेली, स्कॉलरशिपचा अर्ज दोनदा परत आलेला, आज शेवटचा दिवस. आता सगळं ऑनलाइन असतं, दादा. दाखल्याचा फोटो चढवायचा, की झालं. पण तिचा जातीचा दाखला तिच्या वडिलांनी केव्हातरी लॅमिनेट करून ठेवलेला, आत दमट हवेचा फुगा धरलेला, आणि तो नेमका शिक्क्यावर आणि नंबरावर. कसाही फोटो काढा, तिथे पांढरा ढगच. नवीन दाखल्याला महिना. मुलगी वडिलांवर तडकली, "पप्पा, कुणी सांगितलेलं तुम्हाला हे करायला? काय कळत नाय तर..." आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडातून यायच्या आत मी टेबलावर हात आपटला. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे. तिला म्हटलं, गप बस, वडिलांची माफी माग आणि माझ्याबरोबर चल. शिपाई कौतुकाने म्हणाला, "मॅडम आता करतील बघा." त्याला काय माहीत, मॅडमनी जन्मात ब्लेड हातात धरलं नव्हतं.

आमच्या गेटबाहेरच्या इस्त्रीवाल्याकडे विजेची इस्त्री आहे. मी तिच्या वडिलांना दोनदा विचारलं, कागद फाटला तर? ते म्हणाले, "करा मॅडम, तसाही उपयोग काय त्याचा." रुमाल पसरला, इस्त्री टेकवली, उचलली, बोटाने ऊब बघितली, फुग्याभोवती ब्लेडने हलकी रेघ ओढली. आणि तुम्ही बोलायला लागलात. कडेनं, मधून नाय. एक कोपरा सुटला. मला वाटलं आता निघेल, आणि मी थांबले. मग पुन्हा इस्त्री, पुन्हा ऊब. तुकडा आख्खा वर आला आणि खाली निळा शिक्का, नंबरचा आकडा न् आकडा स्वच्छ. शिपायाने टाळ्या वाजवल्या. ज्या गोष्टीसाठी मला नोकरी मिळाली ती मी आज, बारा वर्षांनी, पहिल्यांदा केली. मुलगी विचारत होती, मॅडम हे कुठे शिकलात. मी शिपायालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "माझ्या दादांनी शिकवलं. दादा म्हणजे माझे वडील. चौथी शिकलेले. माझा फॉर्म त्यांनी सोडवला, मी नुसती रडत उभी होते." शिपायाचा चेहरा बघण्यासारखा झाला. दाखल्याचा फोटो काढून चढवला आणि पाचच्या आत मेसेज आला.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत आहे. ड्रॉवरमध्ये त्या झेरॉक्सच्या मागे जाईल, प्लॅस्टिकशिवाय. त्या सकाळचं वाक्य मी आज मागे घेते. तुम्ही नव्हता म्हणून राहून गेलं असं मी सोळा वर्षं स्वतःला सांगत आले. पण त्याआधी तीन वर्षं तुम्ही रोज माझ्यासमोर बसून जेवत होता.