कडी-कोयंड्याचं गणित

४ जानेवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

उत्तराला महिना लागला, रागावू नकोस. रोज कागद घेऊन बसत होतो आणि रोज घाबरत होतो. तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन, नंतर दिसेलच याची डॉक्टरांना खात्री नाही, आणि त्याआधी तुझ्या पुस्तकाची, छपाईपूर्वी तपासायची पानं मी येऊन वाचून दाखवायची? अगं, मी चौथीत शाळा सोडलेला कुलुपवाला. तू विद्यापीठात गणिताच्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई. ती खुर्ची सोडून आश्रमात आजाऱ्यांची सेवा करायला गेलीस, ठीक. पण तुझे शिकलेले विद्यार्थी कुठे गेले? माझ्यामुळे पुस्तक बिघडलं तर? तुझी वहिनी म्हणते, बोलावलंय बहिणीने आणि घाम फुटलाय जणू सासऱ्यांनी बोलावलंय.

काळजीत असलेला,
दादा

१५ जानेवारी

ती. दादास शि. सा. न.

मी सांगते आहे, आश्रमातली एक मुलगी लिहून घेते आहे. विद्यार्थी पानावर नसलेलंही समजुतीने वाचतात. तू समोर असेल तेवढंच वाचशील. गणिताच्या चिन्हांना तुझ्या दुकानातली नावं दे, मी ओळखीन. हे पुस्तक म्हणजे देवाला माझं आभाराचं पत्र आहे, चुका ठेवून कसं पाठवू? वहिनीला सांग, सासऱ्यांपेक्षा नणंद वाईट. निघ आता.

तुझी,
धाकटी

६ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

घरी सुखरूप पोचलो. उद्या तुझं ऑपरेशन. जीव थाऱ्यावर नाही. पण पुस्तक छापखान्यात गेलं, याचं समाधान फार मोठं आहे. मी कडी, कोयंडा, मोडकी बिजागरी म्हणत गेलो आणि तू डोळे मिटून मान हलवत गेलीस. एकदा पेंगलो, ओळ गळली, तर लगेच म्हणालीस, दादा, जिन्याची पायरी पडली. माझ्यासारख्याला देवाने हे काम दिलं, त्याचे उपकार कसे फेडू?

एक मात्र मनाला खातंय. मध्येच प्रार्थनेची घंटा व्हायची. सगळे हात जोडायचे आणि मी, जागा चुकू नये म्हणून, एक बोट पानावरच ठेवायचो. देवाने राग धरला नसेल ना? तुझी त्याच्याशी ओळख आहे, विचारून ठेव.

पट्टी सुटली की दोन ओळी स्वतःच्या हाताने लिही, उशीर करू नकोस. वाकड्यातिकड्या आल्या तरी चालतील. तुझं याहून अवघड वाचलंय मी.

वाटेकडे डोळे लावून बसलेला,
दादा