गोंड्यांची ओटी

१२ नोव्हेंबर

घरच्या पलंगावर दुकान मांडून सातासमुद्रापार माल धाडणाऱ्या तमाम चिल्लर विक्रेत्यांनो! आपल्या वस्तूला परक्या बंदरावर कुणीही काडी लावावी आणि आपण इथं बसून इंग्रजीत माफी मागावी — किती दिवस चालायचं हे?

टाळ्या. (मनातल्या. श्रोते म्हणजे चिकटपट्टीची रिळं.)

झालं असं — ऑस्ट्रेलियाच्या कस्टमवाल्यांनी आपलं दुसरं पार्सल जाळलं. कारण? 'आत धान्य आढळलं.' धान्य! बैलाच्या गोंड्यात! अहो, लोकरीचा गोंडा तो. इकडे बैलाच्या शिंगाला बांधतात, तिकडच्या बाया पडद्याला नि पर्सला लटकवतात. त्यात धान्य कुठून येणार? बैलानं चरता चरता सांडलं? बैलानं तर तो गोंडा बघितलासुद्धा नाही!

ज्या वेबसाइटवर आपलं दुकान आहे तिनं बजावलंय — तिसरं पार्सल अडलं की दुकान कायमचं बंद. म्हणजे खोडदची साळुमावशी आणि तिच्या आळीतल्या बायका पुन्हा कांद्याच्या खुरपणीवर. गोंडे त्या वळतात, मी फक्त फोटो काढते, पत्ते लिहिते आणि भांडते.

१३ नोव्हेंबर

वेबसाइटकडे तक्रार लिहिली. कंपनी सरकारनं आमचा कापूस कसा नेला तिथून सुरुवात केली. मँचेस्टरपर्यंत पोचते न पोचते तोच चौकट लाल झाली — अक्षरमर्यादा संपली म्हणे. अन्यायाला मर्यादा नाही, तक्रारीला आहे!

१५ नोव्हेंबर

खोडदला जाऊन आले. न्यूझीलंडच्या एका नवरीनं लग्नाच्या मांडवासाठी गोंड्यांची माळ मागवलीय. मावशीचं अंगण लाल-पिवळ्या लोकरीनं भरलेलं. मावशीचा नवरा कुशाबा खाटेवरून म्हणाला, "प्रज्ञा, आमचा गोंडा बैलाला सोडून नवरीला व्हय? मग नवरदेवाला येसन घालत्यात का तिकडं?"

मावशी म्हणाली, "तुमाला घातली आस्ती तं बरं झालं आस्तं."

पार्सलं जाळली हे सांगवलं नाही. "अडकलीत" एवढंच म्हटलं. सभेत हजार माणसांना खडसावणारी मी, दोन पार्सलं जळली हे एका बाईला सांगायच्या ऐवजी लोकरीच्या लडी मोजत बसले.

१८ नोव्हेंबर

पुराव्यासाठी व्हिडिओ करायचं ठरवलं. मोबाइल डब्याला टेकवला, ताठ उभी राहिले, कात्री उगारली. "पाहा! उघड्या डोळ्यांनी पाहा! यात काय आहे? लोकर! आणि लोकरीशिवाय — काही — नाही!" कचकन गोंड्याचं पोट कापलं.

टपटप टपटप.

तांदूळ. हळदीनं पिवळेधमक तांदूळ, चिमूटभर, टेबलावर.

व्हिडिओ पुसून टाकला. आवाज मात्र फार छान लागला होता.

१९ नोव्हेंबर

पहिल्या एसटीनं खोडद. तांदूळ मावशीपुढं धरले. ती जरासुद्धा दचकली नाही.

"वटी हाय ती. येवढी सजवून परमुलखात धाडायची आन् रित्या वटीनं? आमी आसं करीत न्हाई."

"प्रत्येक गोंड्यात?"

"मंग काय एकीची भरायची न् दुसरीला तशीच लोटायची?"

मग मी सुटले. एकविसावं शतक काढलं, कार्यकारणभाव काढला, निर्जीव वस्तूला सासर नसतं हे काढलं. माझ्या आजीनं छप्पन साली, धर्मांतरावेळी, घरातले देव उचलून नदीत सोडले, तेही काढलं. मागं खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीच्या अवाढव्य अँटेना उभ्या. त्या आकाशगंगेचं ऐकतात. साळुमावशी माझं ऐकत नव्हती.

शेवटी तावातावात तोंडातून निघून गेलं — "त्या तांदळापायी तुझे गोंडे जाळले त्यांनी!"

तिचा हात थांबला. "जाळलं? भरल्या वटीचं?"

मांडीवरची लोकर तिनं टोपलीत टाकली. मग उठली, कापलेला गोंडा माझ्या हातातून घेतला. "तुझं भाषान लई झ्याक हाय, पोरी. पन माझ्या हातची वस्तू दारातनं रिती जानार न्हाई. तुला न्हाई जमत तं ऱ्हाऊ दे. मी बाजारात बैलांनाच इकंल."

२० नोव्हेंबर

वर्षानुवर्षं सांगत आले की माणूस पटवून दिल्यावर बदलतो. काल परतताना एसटीत खिडकीशी बसून स्वतःलाच पटवत होते. पटलं नाही.

२३ नोव्हेंबर

पुन्हा गेले. भांडायला नाही, लोकरीचे पैसे चुकते करायला असं सांगून. (खोटं.)

अंगणात शेजारची आरती नटून बसलेली. बाळंतपण उरकून सासरी निघाली होती. मावशीनं तिच्या पदरात ओटी घातली — तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड. मी दाराशी उभी, तोंड मिटून. हा माझ्या आयुष्यातला विक्रम असावा. आरतीनं पदरातले थोडे दाणे उचलून परत सुपात टाकले.

"हे काय?" मी विचारलं.

"चार दानं म्हायेरी ठिवायचं आस्त्यात," मावशी माझ्याकडं न बघता म्हणाली. "म्हंजी घर रितं व्हत न्हाई."

"चारच? समजा कुणी सगळेच परत टाकले तर?"

मावशीनं सुपातले दाणे बोटानं सारून बघितले. कुशाबा खाटेवर उठून बसला.

"चालंल की," मावशी हळूच म्हणाली. "भरली म्हंजी भरली. माघारी किती टाकलं, त्ये कोन मोजतंय?"

"मावशी!"

"आगं येडे, मंग ह्येच पयलं इचारायचं न्हाई व्हय? भाषनं काय ठोकीत बसलीस!"

कुशाबा म्हणाला, "लाऊडस्पीकर हाय ती. त्येला बोलता येतंय, इचारता न्हाई येत."

मान्य. बुद्धिप्रामाण्यानं हरले, ओटीच्या पोटनियमावर जिंकले. कुठल्याही व्यासपीठावर हे सांगणार नाही.

१ डिसेंबर

आज न्यूझीलंडची माळ निघाली. मावशीनं एकेका गोंड्याच्या पोटात तांदूळ घातले, कुंकवाचं बोट लावल्यासारखं केलं, आणि गोंडा सुपावर उलटा धरून झटकला. मी मागून भिंग लावून एकेक दाणा शोधत होते.

"लेकीची झडती घेतीस व्हय गं?"

"तिकडं घेतील त्यापेक्षा बरी."

शेवटचा गोंडा मात्र तिनं फार वेळ उलटा धरला. पडायचं ते कधीच पडून गेलं होतं.

१७ डिसेंबर

सुटलं! कस्टममधून पार्सल सुटलं! दुकान वाचलं. खोडदला फोन केला. पलीकडून आधी कुशाबाची आरोळी, मग आळीतल्या बायकांचा गलका. मावशीनं एवढंच विचारलं, "नीट पोचल्या ना समद्या?"

२ जानेवारी

नवरीचा निरोप आलाय. गोंडे सुंदर आहेत म्हणते. पण जर्मनीतल्या तिच्या मैत्रिणीनं आपल्याकडून घेतलेल्या गोंड्यातून पिवळे तांदूळ निघाले होते. मैत्रिणीनं ते काचेच्या डबीत जपलेत. ते बघूनच हिनं आपल्या लग्नासाठी मागवले. 'माझ्या गोंड्यांत का नाहीत? माझं काही चुकलं का?'

उत्तर धाडलं — 'बाई, तुमचं काहीही चुकलं नाही. इथून निघताना त्यांची ओटी भरली होती, तुमच्या कायद्यापायी ती इथंच ठेवून घ्यावी लागली. आता ते काम तुमचं. माळ टांगण्याआधी आपल्या स्वयंपाकघरातले चिमूटभर तांदूळ घ्या, हळद लावा, आणि एकेका गोंड्याच्या पोटात घाला. एकही रिता ठेवू नका!'